बैलाने पास केलेले दिवे

तात्यांनी मालवण तालुक्यातल्या निम्म्याअधिक मोटारींचे दिवे सरळ केले आणि स्वतः मात्र जन्मात एकदाच मोटारीत चढले. बसा म्हटलं की म्हणायचे, "माका लागता रे मोटार. लोकांका बसल्यार लागता, माका बघूनच लागता." खरोखरच गाडी त्यांच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, येऊन उभी राहिली की ते नाकाला पंचा लावत आणि पेट्रोलच्या वासाने आपण आता मरणार असा चेहरा करत. स्वतः दिवसाला दोन कट्टे विड्या ओढत. त्या वासाने कोणी मरतं का, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. गाव त्यांना तात्या म्हणायचं तेवढं पुरे. नाव छापलेलं कळलं तर वरून उतरून भांडायला येतील असा तो माणूस. दीपगृहावर तीस वर्षं नोकरी करून ते पेन्शनीत निघाले होते. तीस वर्षं त्यांनी दिव्याची काच पुसली आणि उजेड समुद्रावर जिथे पडायचा तिथेच पडतोय ना, हे पाहिलं. नोकरी संपली, पण खोड गेली नाही. घरी जेवायला बसले की कंदील तीनदा हलवायचे. त्यांची बायको, जिला आम्ही सगळे काकी म्हणायचो, समोर ताट वाढून बसलेली असायची.

"आमटी निवली," काकी म्हणायची.

"निवंदे. पयली दिसंदे तरी."

दुसऱ्यांच्या घरीही तेच. भजनाला गेले तर गॅसबत्ती उचलून दुसरीकडे टांगणार, कारण म्हणे उजेड पखवाजवाल्याच्या डोळ्यात जातो. एकदा शेजारच्या वाडीत मुलगी बघण्याचा कार्यक्रम होता. मुलीचा चेहरा नीट दिसावा म्हणून तात्यांनी उठून कंदील सरकवला. तो उजेड नेमका मुलाच्या डोक्यावर पडला आणि टोपीखाली काय नाही ते मुलीकडच्यांना कळलं. सोयरीक मोडली. मुलाचा मामा मारायला धावला, तर तात्या शांतपणे म्हणाले, "कंदिलान काय खोटा सांगल्यान?" त्यानंतर त्यांना अशा कार्यक्रमांना कोणी बोलावलं नाही. बोलावलं नाही तरी ते एक-दोनदा गेले.

मी त्यांचा शेजारी आणि त्यांच्या मांगराचा भाडेकरू. मांगर म्हणजे खळ्याच्या कडेचं कौलारू छप्पर. एरवी तिथे गवत नि लाकडं असतात, तात्यांच्या मांगरात माझी मोटार उभी असे. खळ्याच्या पलीकडे त्यांच्या घराची भिंत, पांढरीफेक, चुना लावलेली. त्या भिंतीवर कावेच्या तांबड्या रेघा मारलेल्या होत्या, दोन उभ्या नि एक आडवी. खळ्यात, भिंतीपासून पंचवीस फुटांवर, एक दगड पुरलेला. मोटारीची पुढची चाकं दगडाला लावायची, दिवे पेटवायचे, आणि भिंतीवर उजेड कसा पडतो ते पाहून तात्या स्क्रू पिळणार. खळं चोपून ताटासारखं सपाट केलेलं. आमच्या चढउताराच्या मुलखात पंचवीस फूट सपाट जागा कुणाकडे असते? त्यामुळे डॉक्टरांपासून खोतांपर्यंत ज्याच्या त्याच्या गाडीला तात्यांच्या दारात यावंच लागे. वेळ एकच, तिनसांजेची. काकी तुळशीपुढे दिवा लावायची नि हे भिंतीपुढे.

त्यांची एक रीत मात्र अशी होती की मुंबईचा मेस्त्री ऐकून हसला असता. रिकाम्या गाडीचे दिवे ते लावतच नसत. म्हणायचे, "रिकामी मोटार हंय कोणी बगलीहा?" गाडी रोज जेवढा भार वाहते तेवढा भार आधी तिच्यात भरायचा, मगच स्क्रूला हात. डॉक्टरांची गाडी असेल तर डॉक्टर, कंपाउंडर आणि औषधाच्या पेटीऐवजी नारळांचं पोतं. टॅक्सी असेल तर नऊ माणसं, कारण पाच सीटच्या टॅक्सीत आमच्याकडे नऊच बसतात. मग रस्त्याने जाणाऱ्यायेणाऱ्यांना हाका सुरू. "ए, हंय ये. मागे बस. हलू नको." मासे घेऊन घरी निघालेला माणूस टोपलीसकट मागच्या सीटवर अर्धा तास बसून राही. नजरेने वजन ओळखण्यात तात्या इतके तरबेज झाले होते की बायका त्यांना बघून पदर आवळून घ्यायच्या. "तू मागच्या शिमग्यापेक्षा चार शेर वाढलस," असं ते भर बाजारात सांगत.

सगळ्यात जास्त मागणी काकीला. अडीच मणांचं खात्रीचं वजन.

"ही बसली काय उजेड वीतभर वर जाता," तात्या कौतुकाने सांगत.

"लग्नात शेंगेसारखी हुतंय," काकी गाडीतूनच उत्तर द्यायची. "ह्येंच्या काळजीन सुजलंय. आणि मेल्यानू, चवथीक पावणे येतले, ती भित बघून काय म्हणतले? चुनो लावचो नि वर ह्येंच्या रेघो!"

ही भार भरायची रीत तात्यांना कोणी शिकवली नव्हती. ती त्यांना एका बैलाने शिकवली, आणि त्या शिकवणीत माझा धंदा बुडता बुडता राहिला.

गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडेच होता. मी माझ्या वाट्याची हापूसची कलमं थोरल्या भावाला देऊन एक जुनी मोटार घेतली होती. आई म्हणाली होती, "कलमां दर वर्सा आंबे देतत. ह्या काय देतला?" मला उत्तर पाठ होतं. मुंबईची बोट दिवस कलल्यावर लागायची, बऱ्याचदा त्याहूनही उशिरा. उतारू ट्रंका घेऊन धक्क्यावर उभे, आणि आतल्या गावांना जायला वाहन नाही. माझा सगळा धंदा सूर्य बुडाल्यावरचा. आणि गाडीचे दिवे असे, की त्यापेक्षा देवघरातली समई बाहेर धरली असती तर खड्डे जास्त दिसले असते.

म्हणून मी मुंबईला गेलो आणि एका मोडक्या अमेरिकन गाडीचे दोन दांडगे दिवे घेऊन आलो. परातीएवढे. बसवले, पेटवले, आणि सगळी वाडी बघायला आली. मी तर असा फुगलो होतो की माझंच वजन चार शेर वाढलं असावं. तात्या तेवढे आले नाहीत. आपल्या पडवीतून ओरडले, "उजेड खूप आसा, पण तेका अक्कल खंय आसा?" मी मनात म्हटलं, म्हातारा जळतोय.

चौथ्या दिवशी, दिवेलागणीला, वाटेवरच्या एका गावात तिथल्या भिवा शेतकऱ्याची बैलगाडी समोरून आली. भिवाच्या जोडीतला पवळ्या हा अंगाने दांडगा नि मनाने भित्रा बैल. माझे दिवे डोळ्यात जाताच तो आडवा फिरला आणि गाडी, गवत, भिवा सगळं शेतात गेलं. भिवाचं मनगट मोडलं. दुसऱ्या दिवशी गावाने देवळात बैठक बसवली आणि रस्त्यावर फणसाचा ओंडका आडवा टाकला. दिवेलागणीनंतर माझी मोटार तिथून जाणार नाही. त्यांचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. पण आत जायला रस्ता तेवढा एकच. तो बंद म्हणजे बोटीचे उतारू बंद, आणि कलमं तर भावाच्या नावावर चढलेली. रात्रभर मला डोळ्यापुढे मोहोर दिसत होता.

सकाळी मुकाट्याने तात्यांकडे गेलो. त्यांनी मला संध्याकाळपर्यंत ताटकळत ठेवलं. मग विडी पेटवून म्हणाले, "भितीसमोर लाव."

दिवे पेटवले. मला भिंतीवर नुसता पांढरा लोळ दिसला. तात्यांना बरंच काही दिसलं.

"उजेड उजवीकडे सांडता. हे दिवे खंयच्या गाडीचे?"

"अमेरिकेच्या."

"थंय गाडये रस्त्याच्या खंयच्या बाजून चलवतत?"

मला कुठे ठाऊक! बोटीवरच्या खलाशांकडून तात्यांना ठाऊक होतं. "उजव्या बाजून. म्हणान दिवे उजव्या कडेक उजेड टाकतत. थंय थयसर गटार आसता रे झिला. हंय थयसर भिवाचो बैल आसा."

तीन संध्याकाळी ते त्या दिव्यांशी झटत होते. दोरी आणून पंचवीस फूट मोजले, दगड पुरला, काकीच्या नव्या चुन्यावर कावेच्या रेघा ओढल्या. दोन्ही दिवे डावीकडे वळवले, काचेचा थोडा भाग काळ्या रोगणाने रंगवला, पुसला, पुन्हा रंगवला. शेवटी भिंतीवरचा उजेड वरून सरळ कापल्यासारखा झाला, आडव्या रेघेच्या खाली. "उजेड बैलाच्या गुडघ्याच्या वर चढता नये," ते म्हणाले. "गुडघ्यापर्यंत रस्तो. गुडघ्याच्या वर बैलाचा खाजगी." मग थोडा वेळ भिंतीकडे बघत बसले. "माझो दिवो जाग्यार रवी आणि बोटी हलत. तुझो दिवो हलता. ह्या काम कठीण आसा."

गाव तयार झालं, पण एका अटीवर: भिवाची गाडी समोर उभी करायची, पवळ्या बुजला नाही तर रस्ता मोकळा. म्हणजे माझे दिवे पास करणारा साहेब हा बैल. ठरल्या संध्याकाळी देवळापुढे सगळा गाव जमला. गावाचे मानकरी, गावकर, पुढे झाले आणि त्यांनी गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ह्या लेकरान मोटार हाडल्यान हा, तिका दोन दिवे लायल्यान हत. तेंचो उजेड बैलाच्या डोळ्यात जाता नये, लेकराच्या पोटार पाय येता नये, असा कायतरी कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले. सगळ्यात मोठ्याने मी.

तात्या चालत पुढे गेले होते. पवळ्याच्या शेजारी, जुवाला हात लावून उभे. त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी बैलाच्या जागेवरून उजेड बघायचा होता. मी गाडी सुरू करतो तो काय, गावकर आत बसले. देवाचं गाऱ्हाणं ज्यांनी घातलं त्यांना नको कसं म्हणणार? त्यांच्यामागून गुरव. मग ज्यांनी जन्मात मोटार पाहिली नव्हती ते, मग ज्यांनी पाहिली होती तेही. फुकट फेरी कोण सोडतो? मोजले तेव्हा अकरा होते, त्यातले आठ मागे, आणि दोघे तर मागच्या, ट्रंका बांधायच्या फळीवर उभे. मीही हसत होतो. म्हटलं, गावाची मर्जी बसली, आता काय भीती?

गाडीचं बूड खाली बसलं नि नाक वर झालं. गुडघ्यापर्यंतचा तो उजेड आधी आंब्यांच्या शेंड्यांवर गेला, आणि मग वळणावर सरळ पवळ्याच्या डोळ्यात. पवळ्या जुवासकट, भिवाच्या गाडीसकट, तात्यांसकट भाताच्या मळ्यात उतरला.

मी धावत गेलो. तात्या कमरेपर्यंत चिखलात, धोतर बैलाच्या शिंगाला. माझी कलमं, माझी मोटार, सगळं त्या चिखलात गेलेलं मला दिसत होतं. मागे गावकर म्हणत होते, "देवाक मान्य नाय." तात्या मात्र माझ्याकडे बघत नव्हते, गावकरांकडेही नाही. ते चिखलातून माझ्या गाडीचं वर झालेलं नाक बघत होते.

"कितीजण बसलात रे?"

"अकरा."

"शिरा पडली माझ्या अकलेर!" ते ओरडले, आणि चिखलातच हसायला लागले. "दीपगृहार शंभर माणसा चढली तरी ता वाकत नाय. तीस वर्सां मी दगडावरचो दिवो सांबाळलंय. ही मोटार वाकता ह्या माझ्या ध्यानातच इला नाय! गावकरानू, देवाचो काय दोष नाय. दोष माझो. आठ दिसांनी परत येतंय. पण हेच अकराजण माका व्हये. एकव कमी नको, एकव जास्त नको."

चूक अशी भर गावात, धोतराशिवाय कबूल करणारा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. गावकरही विरघळले. ते अकराजण खरोखर मालवणात आले, माझ्या गाडीत दाटीवाटीने बसले, आणि तात्यांनी भरल्या गाडीचे दिवे लावले. काकीने सगळ्यांना चहा दिला. पैकी दोघांनी दुसरा कप मागितला तेव्हा तात्या म्हणाले, "वजन वाढवा नकात."

दुसऱ्या परीक्षेला गाऱ्हाणं झालं, पण ह्या वेळी "व्हय म्हाराजा" जरा बेताचंच होतं. मी तेच अकराजण भरून गाडी हाकत पवळ्यासमोर नेली. उजेड त्याच्या खुरांपाशी पोचला, गुडघ्यापर्यंत चढला नि तिथेच थांबला. पवळ्याने मान वळवून पाहिलं. मग शेपटी वर करून रस्त्याच्या मधोमध शेण टाकलं आणि रवंथ करायला लागला.

"पास!" तात्या ओरडले. "शिक्को मारल्यान!"

ओंडका निघाला. त्या दिवसापासून माझ्या घरात जे काही शिजलं ते त्या दिव्यांवर शिजलं. तात्यांना मी किती वेळा म्हटलं, एकदा बसा, फेरी मारून आणतो, तुमचाच उजेड बघा. पण ते म्हणायचे, "उजेड समोरून बघूचो. भितूर बसान काय दिसतला?" बोलणं तिथेच संपायचं.

गोवा आपल्यात येऊन चार-पाच वर्षं झाल्यावर तात्यांचं पोट बिघडलं. आधी त्यांनी काकीच्या आमटीला दोष दिला. मग जेवण सुटलं, विडी सुटली, आणि विडी सुटली तेव्हा आम्ही घाबरलो. डॉक्टर म्हणाले, ताबडतोब सावंतवाडीला, मोठ्या इस्पितळात न्या. मी नि डॉक्टरांनी त्यांना उचलून मागच्या सीटवर निजवलं. नजरेने गावभरची वजनं सांगणारा माणूस, आणि उचलताना हाताला काही लागलंच नाही. डोकं काकीच्या मांडीवर. तिनसांज झालेली. मी घाईने गाडी सुरू केली.

"भितीसमोर घे," मागून आवाज आला.

"तात्यानू, येळ नाय."

"म्हणानच सांगतंय. भार सगळो मागे आसा."

काकीनेही मला डोळ्याने खुणावलं. मी पुढची चाकं दगडाला लावली, दिवे पेटवले, स्क्रूड्रायव्हर घेऊन दिव्यांपुढे बसलो. काकीने त्यांचं डोकं उचलून धरलं. तात्या पुढच्या काचेतून आपली भिंत बघत होते.

"डावो दीड फेरो खाली. उजवो... उजवो एक. रव. परत अर्दो. बस."

मी वळून पाहिलं तर ते अजून भिंतीकडेच बघत होते.

"भितूरसून बरी दिसता रे," ते म्हणाले.

निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. "आमका थंय ठेवन एकटो येतलस तेवा गाडी रिकामी आसतली. दिवे खाली पडतले. दीड फेरो वर घी. विसरा नको."

"नाय विसरत."

"तू विसरतलस. इस्क्रूड्रायव्हर खिशात ठेय."

मी ठेवला. सबंध रस्ता काकी त्यांच्याशी भांडत होती, गप्प निजा म्हणून, आणि ते तिला खड्डे मोजून सांगत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी इस्पितळात तात्या गेले. डॉक्टर मंडळींनी हात जोडले. काकीने खाटेची दांडी सोडली नि मला म्हणाली, "घराकडे व्हरुया ह्येंका."

त्यांना पुन्हा मागच्या सीटवर निजवलं. डोकं पुन्हा काकीच्या मांडीवर. मी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून दिव्यासमोर उकिडवा बसलो, दीड फेरा वर घ्यायला. बसलो आणि लक्षात आलं की काही घ्यायचं नाही. येताना होतं तेवढंच वजन जाताना होतं. मला तिथे, भर रस्त्यात, रडू कोसळलं.

भिवाच्या गावाशी आलो तेव्हा दिवेलागण झाली होती. ओढ्यावरच्या साकवाच्या तोंडाशी समोरून त्याची गाडी आली. पवळ्या म्हातारा झाला होता, तरी जुवाला होता. मी गाडी थांबवली. उजेड त्याच्या गुडघ्यापर्यंत जाऊन थांबला होता. पवळ्याने पाहिलं आणि संथपणे चालत येऊन माझ्या दाराशी उभा राहिला. अंधारात भिवाला आतलं नीट दिसेना.

"खंय जावन इलास रे? मागे कोण, काकी? आणि निजलेले कोण?"

"तात्या," मी म्हटलं.

"तात्या? मोटारीत?" भिवा खुशीत हसला. त्याच मोडक्या मनगटाने त्याने कासरा आवरला. "बरा झाला बाबा, एकदाचे बसले. मगे काय म्हणतत, दिवे कसे आसत?"

मागून काकी म्हणाली, "बरे आसत म्हणतत."